रायफलीची सेफ्टी नेमकं काय अडवते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या एका शेतकरी गृहस्थांना वडिलांच्या पश्चात .३१५ बोअरची रायफल वारसाने, रीतसर परवाना करून मिळाली. त्यांची मुलगी क्लबात पॉइंट टू टू, म्हणजे .२२ बोअरची रायफल मारते. तिच्या रायफलीला सेफ्टीच, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळच नाही, आणि तिचे कोच म्हणतात, "सेफ्टीवर कधी विसंबायचं नाही." या गृहस्थांचे वडील मात्र आयुष्यभर सांगत आले, "सेफ्टी लावली की बंदूक म्हणजे काठी." ते विचारतात, यातलं खरं कुणाचं धरायचं? आणि रायफल भरून, सेफ्टी लावून घरात ठेवली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही. घरात रायफल रिकामी, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढून वेगळा, काडतुसं तिसऱ्याच ठिकाणी कुलपात. रानडुक्कर दाराशी येऊन थांबत नाही, आणि भरलेली बंदूक घरातल्या कुणाच्या हाती कधी लागेल ते सांगता येत नाही.

बाकीचं मात्र एका शब्दात सांगता येण्यासारखं नाही. मी फौजेत बावीस वर्षं आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं उघडून दुरुस्त करणारा माणूस. त्यानंतर आजवर रेंजवर मुलांच्या मागे उभा राहतो आहे. सेफ्टीमुळे टळलेले अपघात मी पाहिलेत आणि सेफ्टीमुळेच होता होता राहिलेलेही पाहिलेत. म्हणून तुमचे वडील आणि कोच दोघेही मला अर्धे बरोबर वाटतात.

आधी सेफ्टी आत काय करते ते बघू. भरलेल्या, कॉक केलेल्या (म्हणजे झाडायला तयार) रायफलीत, काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या मागे एक जोरकस स्प्रिंग दाबून ताणलेली असते. तिला पुढे जाऊ न देणारा एक छोटा दात असतो, त्याला सियर म्हणतात. चाप ओढला की सियर सरकतो, पिन सुटते, गोळी जाते. आता या साखळीत सेफ्टी कुठल्या कडीला हात घालते, यावर सगळं अवलंबून आहे. कुठे ती फक्त चाप अडवते, कुठे सियर धरते, कुठे थेट पिनलाच अडकवते. मुलांना सांगताना मी गोठ्याचं उदाहरण देतो. चाप अडवणारी सेफ्टी म्हणजे गोठ्याचं कवाड लावणं. बैल आत मोकळाच असतो, जोरात धडकला तर कवाड मोडतं. पिन अडवणारी सेफ्टी म्हणजे बैलालाच दावं बांधणं. बाहेरून दोन्हीकडे कळ एकसारखीच दिसते आणि तितकाच 'टक्' आवाज करते.

जुन्या बाराबोरी दुनळीत बहुतेक वेळा कवाडच असतं. नळ्यांच्या मागे, अंगठ्याखाली जी सरकती कळ असते ती चापांना अडवते, आतल्या घोड्यांना नाही. बंदूक दस्त्यावर आपटली आणि सियर झिजलेला असेल, तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. म्हणूनच बांध किंवा कुंपण ओलांडताना दुनळी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, काडतुसं काढून न्यायची असते. आमच्याकडच्या जुन्या लोकांना यातलं यंत्र ठाऊक नव्हतं, पण मोडलेली बंदूक उडत नाही एवढं पक्कं ठाऊक होतं.

फौजेतल्या एसएलआर या जुन्या रायफलीची कळही कवाडाच्याच जातीची. एके-४७ घराण्यातल्या रायफलीची मोठी पत्र्याची कळ उजव्या बाजूला असते. ती वर असली की चाप अडतो, आणि तीच कळ बोल्टच्या हँडलची वाटही अडवते; त्यामुळे चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, डोकावण्याइतका बोल्ट मागे येतो, पण नवी गोळी भरण्याइतका येत नाही. ही हुशारी मला फार आवडते. तिचा आवाज मात्र रात्रीच्या शांततेत दोन शेतांपलीकडे ऐकू जाईल असा. एम-१६ घराण्याच्या रायफलीत आणखी एक गंमत आहे. हॅमर, म्हणजे पिनवर आदळणारा आतला घोडा, कॉक नसेल तर सेफ्टी लागतच नाही, म्हणजे कळच आतली बातमी देते.

माउझर ९८ चा पंखा मात्र दाव्याच्या जातीचा. बोल्टच्या मागच्या टोकावर तीन जागी फिरणारं पान: डावीकडे असलं की गोळी सुटणार, उजवीकडे असलं की पिन आणि बोल्ट दोन्ही बंद, आणि मधोमध उभं असलं की पिन बंद पण बोल्ट उघडतो. ही मधली जागा लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर यायचं आहे.

तुमच्या वडिलांची .३१५ जुनी, ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली असेल तर ती बहुधा ली-एनफिल्डच्या घराण्यातली, म्हणजे आपल्या थ्री नॉट थ्रीची (.३०३ ची) बहीण. हा बोअरच मुळात असा आला की .३०३ सरकारी फौजेचा, तो नागरिकांच्या हातात नको. असो. या रायफलीत डाव्या बाजूला, बोल्टच्या मुळाशी छोटी कळ असते. ती मागे ओढली की सेफ, पुढे ढकलली की फायर. मागे ओढल्यावर आतला लॉकिंग बोल्ट, म्हणजे कळीला जोडलेली छोटी खुंटी, कॉकिंग पीसच्या (पिनच्या मागच्या टोकाला जोडलेल्या, बोल्टमागे दिसणाऱ्या तुकड्याच्या) खाचेत अडकतो आणि रायफलीचा बोल्टही बंद होतो. ही दावं बांधणारी, भक्कम सेफ्टी आहे. तुमच्या वडिलांचा तिच्यावर विश्वास बसला तो उगाच नव्हे.

पण दावं कुणी बांधलं, हाही प्रश्न असतो. काही वर्षांपूर्वी एका गावात खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मला एका घरी बोलावलं होतं. पूजेसाठी रायफल साफ करायची होती. मुलाने हौसेने सगळी खोलून, तेलपाणी करून जोडून ठेवली होती. चेंबर बघितलं, रिकामं होतं. कॉक केली, सेफ्टी लावली, चाप ओढला आणि पिन खट्‌कन पुढे गेली. कळ मागे, सेफ्टी 'लावलेली', आणि रायफल फायर झालेली. कारण अगदी साधं होतं. कळ आणि लॉकिंग बोल्ट एकमेकांत आट्यांनी बसतात, आणि हे आटे साध्या नटबोल्टसारखे एकाच सुरुवातीचे नसतात, अनेक सुरुवातींचे असतात. चुकीच्या आट्यात धरलं तरी बसतं, फिरतं, 'टक्' करतं. फक्त खाचेपर्यंत पोचत नाही. मुलगा म्हणाला, "काका, पण आवाज तर आला होता." आवाज आला म्हणजे कळ फिरली. दावं खुंट्याला बांधलं की नुसतं हातात धरलं, ते आवाज सांगत नाही.

खंडेनवमीवरून आठवलं. पूजा जरूर करा, पण हळदकुंकू आणि तेल दस्त्यावर लावा, ट्रिगरवर, म्हणजे चाप आणि त्यामागच्या यंत्रणेवर नको. एका जुन्या परदेशी बोल्ट रायफलीचा ट्रिगर मी उघडला तेव्हा आत वर्षानुवर्षांच्या तेलाचा आणि कुंकवाचा मिळून लाल डिंक झाला होता. चाप ओढल्यावर तो मागेच राहायचा, पुढे यायला तीन-चार सेकंद घ्यायचा. अशा रायफलीची सेफ्टी काढणं म्हणजे काय, हे समजायला अमेरिकेतलं एक प्रकरण बघावं लागेल.

रेमिंग्टन मॉडेल ७००, १९६२ पासूनची, जगात सर्वाधिक खपलेल्या बोल्ट रायफलींपैकी एक. तिच्या जुन्या ट्रिगरमध्ये चाप आणि सियर यांच्यामध्ये एक बारीक पट्टी होती, कनेक्टर. ती चापाला पक्की जोडलेली नव्हती, स्प्रिंगच्या जोरावर नुसती टेकलेली. दर गोळीला ती चापापासून किंचित सुटायची आणि परत बसायची. मध्ये कचरा, गंज किंवा घट्ट झालेलं तेल आलं की पुरती परत बसत नसे. सेफ्टी लावलेली असेपर्यंत काहीच कळत नाही, कारण सेफ्टीने सियरला उचलून धरलेलं असतं. सेफ्टी काढली की सियरखाली आधार उरत नाही, आणि बोट चापावर नसताना बार उडतो. त्यातच १९८२ पर्यंतच्या रायफलींत सेफ्टी लावली की बोल्ट बंद व्हायचा. म्हणजे रायफल रिकामी करायची तरी आधी सेफ्टी काढणं आलं. २००० साली मोंटाना राज्यात शिकारीहून परतलेली एक आई रायफल रिकामी करायला गेली, सेफ्टी पुढे ढकलली आणि गोळी घोड्यांच्या ट्रेलरमधून पलीकडे गेली. पलीकडे तिचा नऊ वर्षांचा मुलगा होता. बोट चापावर नव्हतं, असं कुटुंबाने कायम सांगितलं. कंपनीने रचनेत दोष असल्याचं मान्य केलं नाही, पण पुढे सामूहिक दाव्यात तडजोड होऊन लाखो रायफलींचे ट्रिगर बदलून देण्याची तयारी तिला दाखवावी लागली. त्याआधी २०१४ मध्ये नव्या ट्रिगरच्या काही रायफली वेगळ्याच कारणाने परत मागवाव्या लागल्या होत्या: जोडणीत डिंकासारखा पदार्थ जास्त पडला होता.

हे सगळं सांगायचं कारण तुमच्या हातातली रायफल. ली-एनफिल्डमध्ये तो कनेक्टर नाही, त्यामुळे नेमका तो दोष तिच्यात नाही. पण सेफ्टी लावली की बोल्ट बंद, हा भाग मात्र तोच आहे. भरलेली .३१५ रिकामी करायची तर आधी कळ पुढे ढकलावी लागते, म्हणजे रिकामं करण्याच्या क्षणी ती पूर्ण जिवंत असते. माउझरची ती मधली जागा इथे कामाला येते: पिन बांधलेली ठेवून बोल्ट उघडता येतो. तुमच्या रायफलीत ती सोय नाही. म्हणून सेफ्टी काढण्याचा क्षण गोळी झाडण्याच्या क्षणासारखाच वागवायचा. नळी मऊ मातीच्या बांधाकडे, समोर खडक नको, माणूस नको, बोट चापाभोवतीच्या गार्डच्या बाहेर सरळ, आणि मगच अंगठा कळीवर. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. शिकार संपली, रखवाली संपली, मन सैल झालं, गप्पा सुरू झाल्या आणि जीपमागे उभं राहून कुठेही नळी करून रायफल रिकामी करायला घेतली. माझ्या आठवणीतले 'चुकून उडाले' यातले निम्मे तरी भरताना नव्हे, रिकामी करताना उडालेले आहेत.

आता तुमच्या मुलीची रायफल. पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या नेमबाजी स्पर्धेत कांस्यपदक घेतल्यापासून पालकांचे हे प्रश्न वाढलेत, आणि "एवढ्या महागड्या रायफलीला सेफ्टी कशी नाही?" हा त्यातला नेहमीचा. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीचा चाप शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाला सुटतो. साध्या सर्व्हिस, म्हणजे फौजी रायफलीचा काही किलो घेतो. इतक्या हलक्या चापावर सेफ्टीची कळ बसवली तरी माणसाला खोटा दिलासा देण्यापलीकडे ती फारसं करणार नाही. शिवाय तिला कामच नाही. नेमबाज फायरिंग पॉइंटवर, नळी टार्गेटकडे असताना, हुकूम झाल्यावर एकेक गोळी हाताने भरतो. भरलेली रायफल घेऊन तो एक पाऊलही चालत नाही. तिथे सेफ्टीचं काम बोल्ट उघडा ठेवण्याने होतं, आणि चेंबरमध्ये घातलेल्या भडक रंगाच्या सेफ्टी फ्लॅगने. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमाप्रमाणे फ्लॅग काढायची परवानगी मिळेपर्यंत तो आतच राहतो, आणि एअर रायफलीत तो नळीच्या पूर्ण लांबीचा असावा लागतो. फ्लॅग काही अडवत नाही, फक्त दाखवतो. पण तो दहा पावलांवरून मला दिसतो. सेफ्टीची कळ कुठे आहे ते मला दोन पावलांवरूनही दिसत नाही. रेंज ऑफिसरच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

म्हणून कोच म्हणतात ते त्या रेंजवर शंभर टक्के खरं. त्यातून कुणी असा अर्थ काढला की सेफ्टी असली तरी वापरायची नाही, तर मात्र मी भांडेन. असे लोक भेटतात. "आम्ही नाही बाबा सेफ्टीवर विश्वास ठेवत," असं ऐटीत सांगतात, आणि भरलेली बंदूक सेफ्टी न लावता खांद्यावर टाकून चालतात. विश्वास नाही म्हणून हेल्मेट न घालणाऱ्यातला हा प्रकार. गस्तीवरचा जवान चेंबरमध्ये गोळी ठेवून काट्याकुट्यांतून चालतो, तेव्हा त्या कळीने फांदीला अडकलेला चाप वाचवलेला असतो. तुम्ही वनखात्याच्या परवानगीने पिकाच्या रखवालीला बसलात आणि माचाणावर रायफल भरलीत, तर सेफ्टी लागलेलीच हवी. मात्र माचाणावर चढताना-उतरताना सेफ्टीच्या भरवशावर नाही; चेंबर रिकामं, बोल्ट उघडा, रायफल दोरीने मागाहून वर, नळी खाली.

आणखी एक घोळ कळीच्या दिशेचा. तुमच्या रायफलीत मागे म्हणजे सेफ. शेजाऱ्याच्या दुनळीतही मागे म्हणजे सेफ, पण ती कळ वर, अंगठ्याच्या रेषेत. एके-४७ मध्ये वर म्हणजे सेफ. माउझरमध्ये उजवीकडे. काही अर्धस्वयंचलित पॉइंट टू टूमध्ये चापामागे आडवं बटण असतं, एका बाजूने दाबलं की लाल कडं दिसतं, आणि लाल म्हणजे फायर. काही नवखे लाल म्हणजे 'थांबा' समजतात. एकदा एक पाहुणे रेंजवर माझ्यासमोर म्हणाले, "बघा, सेफ्टी आहे," आणि दाखवायला म्हणून चाप ओढला. नळी टार्गेटकडे होती म्हणून मी आज हे सांगतोय. त्यांच्या घरच्या रायफलीची कळ उलट दिशेला होती. सेफ्टी चालते हे भरलेल्या बंदुकीचा चाप ओढून कुणालाही, कधीही दाखवायचं नसतं.

मुलगी घरी एअर रायफलचा सराव करत असेल तर तेही सांगतो. मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलीत छर्रा ठेवताना नळी मोडलेली असते आणि बोट तिच्या तोंडाशी. त्या वेळी सियर सुटला तर नळी विळ्याच्या पात्यासारखी मिटते. काही रायफलींत ते अडवणारी आतली योजना असते, स्वस्तातल्या अनेकांत नसते किंवा झिजलेली असते. म्हणून छर्रा बसेपर्यंत दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, सेफ्टी लागलेली असो वा नसो. नखाखाली रक्त गोठलेली बोटं घेऊन आलेली दोन मुलं मी पाहिली आहेत. दोघांनीही सेफ्टी लावली होती.

तुमच्या .३१५ ची तपासणी घरी करून बघता येईल, ती अशी. काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा. मॅगझिन काढली म्हणजे रायफल रिकामी झाली, हा समज अनेकांचा घात करतो. नळी जाड भिंतीच्या पायथ्याकडे करून बोल्ट बंद करा. कॉकिंग पीस मागे आलेला दिसेल. अंधारातही अंगठ्याने चाचपून कळतं, या रायफलीचा हा मोठा गुण. आता कळ पूर्ण मागे ओढा आणि चाप नेहमीपेक्षा जोरात ओढून सोडा. काही व्हायला नको. मग बोट चापापासून दूर ठेवून कळ पुढे ढकला. अजूनही काही व्हायला नको. इथेच पिन सुटली तर रायफल तशीच बंद करून ठेवायची. ही दुसरी पायरी लोक विसरतात, आणि घातक दोष नेमका तिच्यातच सापडतो. त्यानंतर चाप ओढला की पिन सुटली पाहिजे. पुन्हा कॉक करून सेफ्टी लावा, रबरी चपलेने दस्त्याच्या तळाला चार-पाच दणके द्या, कळ काढा. पिन जागच्या जागी राहायला हवी. बोल्ट दोन-तीनदा जोरात आपटून बंद करूनही बघा. कळ अर्ध्यात अडकवून ठेवायची आणि मग चाप ओढायचा, हेही करा. अर्ध्यात लावलेली सेफ्टी म्हणजे कुठलीच सेफ्टी नाही, हे कळायला तेवढं पुरतं.

यातलं काहीही चुकलं तर स्वतः कानस लावायला जाऊ नका. परवानाधारक गनस्मिथकडे न्या, आणि त्याला "सेफ्टी सैल आहे" असं मोघम न सांगता कुठल्या पायरीला पिन सुटली ते सांगा. सियर घासून चाप हलका करून देतो म्हणणारा भेटला तर उठून या.

मुलीला ती रायफल हाताळायला द्यायची का, असंही तुम्ही विचारलंत. परवाना तुमच्या नावावर आहे, तेव्हा रखवालीला ती तुम्हीच न्यायची. पण बोल्ट काढलेली रायफल समोर ठेवून तिला कळ, खाच आणि लॉकिंग बोल्ट दाखवायला काहीच हरकत नाही. तिला बहुधा तुमच्यापेक्षा लवकर समजेल. आणि तिच्याकडून एक गोष्ट मागून घ्या. एअर रायफलीच्या फ्लॅगसाठी क्लबातली मुलं गवत कापायच्या यंत्राची नारिंगी नायलॉन दोरी वापरतात. तिचा वीतभर तुकडा .३१५ च्या उघड्या चेंबरमध्ये घालून, बाहेरचं टोक मोकळं सोडून ठेवा. घरात कुणीही कपाट उघडलं की आधी ते नारिंगी टोक दिसेल.